रेशमाचा किडा आणि दादीचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी बुटाचे खोके घेऊन शाळेत आली. झाकणाला सुईने भोके पाडलेली, आत तुतीचा ताजा पाला आणि पाल्यावर पंचवीसएक पांढुरक्या अळ्या. "टीचर, अब्बांनी दिल्यात. वर्गात ठेवू?" मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञानाचे सर त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून खोके माझ्या वाट्याला आले. आम्ही ते खिडकीत ठेवले, खाली पाण्याचे ताट, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत.

मधल्या सुट्टीत ती मुलगी एकटीच थांबली आणि खरी गोष्ट बाहेर आली. तिच्या वडिलांनी दोन एकरांतला कापूस मोडून तुती लावली होती, कर्ज काढून किड्यांसाठी शेड बांधले होते. पहिले पीक चांगले निघाले. पण दादीला कुणीतरी सांगितले की कोषातला जीव जिवंतपणी मारून मगच धागा काढतात. त्यात दादीने लहानपणी आपल्या आईकडून ऐकलेले होते की रेशमाचे किडे हे हजरत अय्यूब (अलै.) यांच्या अंगावरून पडलेले किडे आहेत. "नबीच्या अंगावरचा जीव मारून आलेल्या पैशाची भाकरी मी खाणार नाही," म्हणून दादी सामान घेऊन धाकट्या मुलाकडे राहायला गेल्या. तीन महिने झाले, मायलेकांत बोलणे नव्हते.

"टीचर, आमची कमाई हराम आहे का?"

मी आलिमा नाही, तिला तसे सांगितले. विचारून, वाचून सांगते म्हणाले. तोपर्यंत आपण हा किडा आहे तरी काय ते बघू, असे ठरले.

एक मादी पतंग साधारण चारशे ते पाचशे अंडी घालते. अंडे टाचणीच्या डोक्याएवढे. शेतकरी ती अंडी सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रातून घेतात आणि त्यांना अंडीपुंज म्हणतात. एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज. शंभर अंडीपुंज आणले म्हणजे घरात चाळीस हजारांवर पाहुणे आले. अंडी उबायला दहा दिवसांच्या आसपास लागतात. बाहेर येते ती तीन मिलिमीटरची काळी, केसाळ अळी, मुंगीसारखी. तिला तुतीचे कोवळे पान बारीक चिरून घालावे लागते. या पहिल्या काही दिवसांना शेतकरी चॉकी म्हणतात. तिथे हयगय झाली तर पुढचे सगळे पीक बिघडते.

यानंतर चोवीस ते अठ्ठावीस दिवस तिला खाण्याशिवाय दुसरे काम नाही. चार वेळा कात टाकते. कात टाकण्याआधी डोके वर करून, न हलता, दिवसभर तशीच बसते. आमच्या वर्गातल्या मुलांना वाटले मेल्या. एकाने तर दफनासाठी शाळेच्या मागच्या बाजूला खड्डाही खणून ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या उठल्या आणि जुन्या कातडीतून बाहेर येऊन पुन्हा पाला खाऊ लागल्या. शेतावर या उपासाच्या काळात शेतकरी पाला घालत नाहीत, वर चुन्याची भुकटी शिंपडतात, म्हणजे ओल धरत नाही.

शेवटच्या, पाचव्या अवस्थेत तिची भूक विलक्षण असते. सगळ्या आयुष्यातल्या खाण्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग ती या एका आठवड्यात खाते. जन्मल्यापासून तिचे वजन सुमारे दहा हजार पट वाढलेले असते. रात्री शेडमध्ये दिवा न लावता उभे राहिले तर हजारो तोंडांच्या कुरतडण्याचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या बारीक पावसासारखा येतो. हे मी नंतर स्वतः ऐकले.

नखरेही फार. कीटकनाशकाचा वास नको, तंबाखू नको, उदबत्ती नको. जुम्याच्या दिवशी आमचे शिपाईचाचा अत्तर लावून वर्गात आले, तर मुलीने त्यांना दारातच थांबवले.

मग एक दिवस अळी खाणे थांबवते. अंग पिवळसर, काचेसारखे दिसू लागते, मान उंच करून ती आडोसा शोधते. शेतकरी तिला चंद्रिकेवर सोडतात. चंद्रिका म्हणजे कोष विणायची जाळी. आम्ही पुठ्ठ्याची घडी घालून दिली. तिच्या ओठाखाली एक बारीक छिद्र असते, त्यातून दोन ग्रंथींचा रस एकत्र येऊन धागा होऊन बाहेर पडतो. आतला गाभा फायब्रोइन नावाच्या प्रथिनाचा आणि वर सेरिसिन नावाचा डिंक. डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत ती दोन-तीन दिवस न थांबता विणते. अखंड एक धागा, चांगल्या जातीत हजार मीटरच्या आसपास. एवढ्या लांबीचा न तुटलेला नैसर्गिक धागा दुसरा नाही, आणि रेशमाची किंमत त्या न तुटण्यात आहे.

कोषाच्या आत अळीचा कोशित होतो आणि दहा-बारा दिवसांत कोशिताचा पतंग. पतंग तोंडातून एक पाचक रस सोडतो, कोषाचे टोक भिजून मऊ होते, ते ढकलून तो बाहेर येतो. तिथेच अडचण आहे. भोक पडले की हजार मीटरच्या अखंड धाग्याचे तुकडे होतात. असे फुटके कोष कापसासारखे पिंजून कातता येतात, त्याचे कापडही होते, पण ती झळाळी येत नाही. म्हणून पतंग बाहेर यायच्या आधी कोष गरम हवेने किंवा वाफेने सुकवतात आणि आतला जीव मरतो. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दादीला जे कळले होते ते खरेच होते.

आता नावाकडे येते, हा माझा विषय. मी फळ्यावर 'बॉम्बिक्स मोरी' लिहिले आणि वर्ग हसला. मराठी घरात मोरी म्हणजे भांडी घासायची जागा, आणि एवढ्या नाजूक प्राण्याला ते नाव! तसे नाही. लॅटिनमध्ये तुतीच्या झाडाला मोरस म्हणतात, त्यापासून मोरी, म्हणजे 'तुतीचा'. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये प्राण्यांची नावे पक्की केली तेव्हा या पतंगाच्या नावात तुती कायमची बसली. आपला 'तुती' हा शब्द फारसी-अरबीतल्या 'तूत'चा सख्खा नातेवाईक.

'बॉम्बिक्स' हे ग्रीकांनी रेशमाच्या किड्याला दिलेले नाव. ते मूळ ग्रीक नसावे. अनेक अभ्यासक त्याचा संबंध इराणी भाषांतल्या कापसाच्या शब्दाशी जोडतात. उर्दू वाचणाऱ्यांना तो शब्द माहीत आहे, 'पंबा', म्हणजे कापूस. युरोपात पुढे याच कुळातले शब्द कधी रेशमासाठी तर कधी कापसासाठी वापरले गेले, कारण दूरदेशी बसलेल्या माणसाला दोन्ही मऊ, पांढरे आणि पूर्वेकडून आलेले.

आपला 'रेशीम' फारसी 'अबरेशम'मधून आला. अरबांनी तोच शब्द 'इब्रीसम' करून घेतला. त्यांचा स्वतःचा शब्द 'हरीर', जो कुरआनात जन्नतवासीयांच्या पोशाखासाठी येतो. त्याच्या जोडीला 'सुंदुस' म्हणजे तलम रेशीम आणि 'इस्तबरक' म्हणजे जाड, भरदार रेशीम. 'इस्तबरक' मूळ फारसी आहे हे इमाम सुयूती यांच्यासारख्या मोठ्या उलेमांनी नोंदवून ठेवले आहे. आपण मराठीत परभाषेतल्या शब्दांवरून भांडतो तेव्हा मला हे आठवते.

संस्कृतात रेशमी वस्त्राला कौशेय म्हणतात, कोशापासून झालेले ते कौशेय. पाणिनीच्या व्याकरणात या शब्दाची सिद्धी दिली आहे. विदर्भात जंगली रेशमाला आजही 'कोसा' म्हणतात, तो याच घरातला. अळीसाठी फारसीत 'किर्म' आणि आपल्याकडे 'कृमी', दोघे सख्खे भाऊ. 'किरमिजी' रंगाच्या पोटातही हाच किडा लपला आहे, फक्त तो रंग देणारा, रेशीम देणारा नव्हे. आणि पतंगाला फारसी-उर्दूत 'परवाना' म्हणतात. मराठीत परवाना म्हटले की आपण तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहतो. फारसीत तो शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, पण शमेवर झेपावणारा परवाना मराठीपर्यंत पोचलाच नाही, फक्त कागद पोचला.

अरबी ग्रंथांत या किड्याला 'दूदुल्-कज' म्हणतात. चौदाव्या शतकात काहिऱ्यात होऊन गेलेले विद्वान दमीरी यांनी प्राण्यांवर 'हयातुल हयवान' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात हा किडा आहे, त्याचे दुसरे नाव 'हिंदी किडा' असे दिले आहे आणि अंडे अंजिराच्या बीएवढे असते असे वर्णन आहे. थंडी लांबली तर बायका अंड्यांची पुरचुंडी छातीशी बाळगून त्यांना ऊब देत, हेही त्यांनी लिहिले आहे. मुसलमानांच्या काळातल्या स्पेनमध्ये कुर्तुबा येथे ९६१ साली तयार झालेल्या पंचांगातही बायकांनी ही अंडी उबवायला घेण्याचा हंगाम नोंदवलेला आहे. तिथल्या जय्यान शहराला लोक 'रेशमाचे जय्यान' म्हणत. आपल्या जवळचे उदाहरण टिपू सुलतानाचे. त्याने बंगालमधून रेशमाचे किडे आणायला बहाउद्दीन आणि कस्तुरी रंगा या दोघांना पाठवले होते. ते परत येत असताना किल्लेदाराला लिहिलेल्या पत्रात तो विचारतो की किडे किती आले, कुठे ठेवायचे, वाढवायचे कसे, आणि लावलेल्या तुतीचा पाला त्यांना द्या. आज कर्नाटकातल्या रामनगरमच्या बाजारात आपल्या मराठवाड्यातले शेतकरी कोष घेऊन जातात, त्या धंद्याची मुळे म्हैसूरच्या त्या काळात आहेत.

हे सगळे घेऊन मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेले. त्यांनी 'हिदाया' काढली. हनफी फिकहचा हा ग्रंथ लिहिणारे बुरहानुद्दीन मरगीनानी यांची वफात ११९७ मध्ये झाली. ते फरगाना खोऱ्यातल्या मरगीनानचे. ते गाव आजच्या उझबेकिस्तानात मरगिलान म्हणून आहे आणि आजही रेशमासाठीच ओळखले जाते.

खरेदी-विक्रीच्या प्रकरणात आमचा मसला समोरच होता. रेशमाचा किडा विकणे जायज आहे का? इमाम अबू हनीफा म्हणतात नाही, कारण तो सरपटणाऱ्या किड्यांपैकी. इमाम अबू यूसुफ म्हणतात, त्यावर रेशीम दिसू लागले असेल तर जायज. इमाम मुहम्मद म्हणतात, कसाही असो जायज, कारण त्याचा माणसाला उपयोग आहे. अंड्यांच्या बाबतीतही दोन्ही शिष्यांचे मत उस्तादांपेक्षा वेगळे, लोकांची गरज म्हणून जायज. पुढच्या काळात फतवा इमाम मुहम्मद यांच्या मतावर दिला गेला. गंमत अशी की इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात 'खज' नावाच्या रेशीम-लोकरीच्या कापडाचे व्यापारी होते. धंदा आपला असूनही त्यांनी किड्याच्या विक्रीला हो म्हटले नाही, आणि शिष्यांनी उस्तादांपुढे अदब राखून वेगळे मत दिले. मला हे पान फार आवडले.

जीव मारण्याचे काय? जुन्या हनफी फतव्यांत तेही आहे. किडे मरावेत म्हणून कोष उन्हात टाकण्यास हरकत नाही, कारण त्यात उपयोग आहे, मासळी उन्हात पडून मरते तसे. मौलाना पुढे म्हणाले की छळण्यासाठी मारणे वेगळे, गरजेसाठी वेगळे. मात्र आगीत टाकू नये, कमीत कमी त्रास होईल असे बघावे.

रविवारी मी मुलीबरोबर तिच्या चाचांच्या घरी गेले. दादी बाजेवर बसून तांदूळ निवडत होत्या. सगळे ऐकून घेतले. मधेच एक टोकदार प्रश्न विचारला, "जे कापड पुरुषाने घालायचेच नाही, त्यासाठी एवढी हत्या कशाला?"

प्रश्न रास्त होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोने आणि रेशीम उम्मतच्या पुरुषांना हराम आणि स्त्रियांना हलाल केले, हे आपण सगळे जाणतो. मी म्हटले, दादी, बायकांना तर इजाजत आहे ना, तुमच्या निकाहची साडी कसली होती? त्या हसल्या. खाज सुटायची म्हणून हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत जुबैर (रजि.) यांना रेशमी कपड्याची सवलत मिळाली होती. काठाला दोन ते चार बोटे रेशीम चालते, हे हजरत उमर (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. आणि ताणा रेशमाचा, बाणा कापसाचा असेल तर हनफी फिकहमध्ये ते कापड पुरुषालाही जायज. अशाच कापडाचे नाव 'मशरू' पडले, म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. वरून रेशमाची चमक, अंगाला लागतो तो कापूस. औरंगाबादचा हिमरू त्याचाच भाऊबंद. दादींच्या वालिदांची हिमरूची शेरवानी होती, ती निघाली नाही पण तिची आठवण निघाली. (जाता जाता, निकाहच्या खरेदीत 'सिल्क'ची शेरवानी म्हणून जे दाखवतात ते बहुतेकदा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस असते. मनाई किड्याच्या रेशमाची आहे. एक धागा काढून जाळून बघा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडली जाते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.)

मग हजरत अय्यूब (अलै.) यांची गोष्ट. मी सांगितले की कुरआनात त्यांचा आजार आहे, सब्र आहे, दुआ आहे, पाय आपटल्यावर निघालेले पाणी आहे. किडे नाहीत. ती लोककथा आहे, ती दीनची दलील होत नाही.

दादी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी आई खोटे बोलली?"

याचे उत्तर हिदायात नव्हते. मी म्हटले, "नाही दादी. त्यांनी ऐकलेले सांगितले. आणि त्या गोष्टीमुळे तुम्ही आयुष्यभर किड्यालाही जीव मानलेत." त्यांनी तांदळाचे ताट बाजूला ठेवले आणि नातीला चहा करायला सांगितले. त्या दिवशी आणखी काही ठरले नाही.

वर्गातले कोष आम्ही तसेच राहू दिले होते. एका सकाळी शाळेत आले तर खोक्यात पतंग फडफडत होते. पांढरे, गुबगुबीत, पिसासारख्या मिशांचे. त्यांना पंख आहेत पण उडता येत नाही. माणसाने हजारो वर्षे पाळून त्यांची उडण्याची ताकद घालवली. खाण्यालायक तोंडही नाही. पाच-दहा दिवसांच्या आयुष्यात एक घासही नाही. मादी जागची हलत नाही, फक्त एक गंध सोडते, आणि नर पंख थरथरवत गोल गोल फिरत तिच्याकडे येतो. १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख माद्यांमधून तो गंध वेगळा काढला आणि त्याला 'बॉम्बिकॉल' नाव दिले. कीटकांनी एकमेकांना गंधाने निरोप देण्याचा हा रासायनिकदृष्ट्या उलगडलेला पहिला शब्द. आमच्या माद्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अंडी घातली.

मुलगी तो कागद घरी न्यायला निघाली तर तिच्या वडिलांनी फोनवरून नको सांगितले. घरी घातलेल्या, न तपासलेल्या अंड्यांतून पेब्रिन नावाचा रोग शेडमध्ये शिरू शकतो. आईकडून अंड्यांत उतरणारा हा रोग. त्याने फ्रान्समधला रेशीम धंदा बुडायला आला होता, तेव्हा १८६५ पासून लुई पाश्चर यांनी काही वर्षे त्यावर काम केले आणि तोड काढली. अंडी घातल्यावर मादीला सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, रोग दिसला तर तिची अंडी नष्ट करायची. आजही अंडीपुंज त्याच पद्धतीने तपासून मिळतात. म्हणून तो कागद शाळेतच राहिला.

रमजानच्या आधी दादी मोठ्या मुलाकडे परत आल्या. आता पहाटे फजरनंतर शेडमध्ये जाऊन पाला टाकतात, चिरलेले पान जाड असेल तर सुनेला रागावतात, आणि अळ्या कात टाकायला बसल्या की शेजारणींना हळू बोलायला लावतात. कोष पोत्यांत भरून जालन्याच्या बाजाराला निघायचे असतात त्या दिवशी मात्र त्या सकाळीच धाकट्याकडे जातात आणि मगरिबनंतर येतात. घरात त्यावर कुणी काही बोलत नाही. मुलीचे अब्बाच त्यांना मोटारसायकलवर सोडून येतात आणि मग गाडी भरतात.